भरताने रामाला किती प्रकारे अडवलं?



आजचं वाचन अयोध्याकांडातली चित्रकूटावरची भेट. पण आधी थोडं ऑफिसचं बोलतो, कारण हा विषय तिथूनच डोक्यात शिरला.

युजरला एखादी गोष्ट करू द्यायची नसेल तर आम्ही काय करतो? बटणच बंद करून टाकायचं, हे प्रिव्हेंट. लाल अक्षरात भीती घालायची, हे डिटर. 'खरंच डिलीट करायचं का?' असं विचारून मन वळवायचं, हे डिस्वेड. इंग्रजीत असे बरेच शब्द आहेत आणि बहुतेक लॅटिनमधून आलेत. डिटरच्या पोटात 'टेरर'वालीच भीती आहे. रिस्ट्रेन म्हणजे मुळात मागे घट्ट बांधून ठेवणं. डिस्करेजमध्ये तर हृदय लपलंय, म्हणजे समोरच्याचं काळीजच काढून घेणं. मराठीतही आपण अडवणं, आवरणं, परावृत्त करणं, धाक घालणं, मोडता घालणं, नाउमेद करणं असे शब्द वापरतो, पण घरात रागाच्या भरात सगळ्याला एकच म्हणतो: "मी त्याला थांबवतेय."

हेच वाक्य गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीने मला ऐकवलं. तिचा धाकटा भाऊ पुण्यातली नोकरी सोडून हिंगणघाटजवळच्या वावरात परत जायचं म्हणतोय. घरी दहा एकर, कापूस आणि सोयाबीन. वडील थकलेत. काका म्हणतात, "वावरात काय ठेवलं आहे बाप्पा?" आणि आईने दोन दिवस जेवण सोडलं. मैत्रीण मला विचारत होती, त्याला थांबवू कसं? मी तिला म्हटलं, अयोध्याकांड वाच. ती चिडली. चिडणं बरोबरच होतं, म्हणून आज नीट लिहितोय.

वाल्मीकींनी या भागात थांबवण्याचे किती प्रकार दाखवलेत, बघा.

भरत सैन्य घेऊन गंगेपाशी येतो. गुहाला संशय येतो, हा रामाच्या वाईटावर तर नाही ना? तो पाचशे नावा माणसांसकट तयार ठेवतो. मन साफ असेल तर पार जाऊ देऊ, नसेल तर इथेच रोखू. (आमच्या भाषेत सांगायचं तर फायरवॉल. आधी अडवायचं, खात्री पटली की सोडायचं.) हे प्रिव्हेंट झालं. यात समोरच्याच्या मनाशी काही देणंघेणं नसतं, फक्त वाट बंद करायची असते.

त्याच्याही आधीचा प्रसंग. अयोध्येत शत्रुघ्नाच्या हाती मंथरा सापडते आणि तो तिला फरफटत नेतो. भरत त्याला आवरतो. कशाने? शिक्षेच्या भीतीने नाही. तो म्हणतो की राम मला मातृघातकी म्हणून दूर लोटेल असं नसतं तर मीच कैकेयीला मारलं असतं, आणि आपण या कुबडीला मारलं असं कळलं तर राम आपल्या दोघांशी बोलायचा नाही. शत्रुघ्न हात सोडतो. राम तिथे नाहीये, वनात आहे. तरी हात आवरला जातो. मला हा संपूर्ण कांडातला सगळ्यात सुंदर संयम वाटतो. आपलं एखादं माणूस आपल्याशी बोलणार नाही, एवढं कारण पुरतं.

मग लक्ष्मण. सैन्याची धूळ बघून झाडावर चढतो, भरताचा ध्वज ओळखतो आणि त्याला मारायला निघतो. राम त्याच्यावर ओरडत नाही. म्हणतो, तुला राज्य हवं असेल तर सांग, भरताला सांगतो, तो देऊन टाकेल. लक्ष्मण लाजेने अंग चोरतो. एका वाक्यात काम झालं. हे डिस्वेड, तेही चिमटा काढून.

आता मुख्य भेट. भरत विनवतो, कुळाची रीत सांगतो, राम ऐकत नाही. मग जाबाली पुढे येतो. तो म्हणतो, कोण बाप आणि कोण मुलगा, नाती म्हणजे वाटेतल्या मुक्कामासारखी, रात्र काढायची आणि पुढे निघायचं. चित्रकूटावर राम खरा चिडतो तो इथे. भरत अडवत होता तेव्हा रामाच्या वचनाला मान होता. जाबाली त्या वचनालाच फोल ठरवत होता. हेच ते काळीज काढून घेणं. काकांचं वाक्य परत वाचा. बोंडअळी, पाऊस, कापसाचा भाव हे सांगणं वेगळं, ते खरं आहे आणि सांगितलंच पाहिजे. 'वावरात काय ठेवलं' म्हणणं वेगळं, कारण त्यात वडिलांचं सगळं आयुष्यच शून्य ठरतं.

आणि शेवटी भरत धरणं धरतो. हो, भरत! सुमंत्राला दर्भ पसरायला सांगतो, सुमंत्र रामाच्या तोंडाकडे बघत राहतो, म्हणून स्वतःच पसरून आडवा होतो. धन बुडालेला ब्राह्मण देणेकऱ्याच्या दारात पडून राहतो तसा. राम त्याला सांगतो, क्षत्रियाला हे शोभत नाही, ऊठ. भरताचं प्रेम खोटं होतं का? मुळीच नाही. तरी राम त्याला तिथून उठवतो. आईचं जेवण सोडणं मला इथे दिसतं. प्रेम शंभर टक्के खरं आहे, पण ते दारात आडवं पडलंय.

या भेटीचं एक शिल्प आपल्या वर्धा जिल्ह्यातच आहे. पवनारला धाम नदीकाठी विनोबांच्या आश्रमात, जमीन खोदताना सापडलेलं. विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर जी प्रवचनं दिली (साने गुरुजींनी उतरवून घेतलेली), त्यात बाराव्या अध्यायावर बोलताना जवळ राहून सेवा करणारा लक्ष्मण आणि दूर राहून सेवा करणारा भरत, असे दोन भक्त उभे केलेत. 1938 साली ते पवनारला राहायला आले आणि पुढे तिथल्याच मातीतून भरत-राम निघाले. याच पवनारहून 17 ऑक्टोबर 1940 रोजी वैयक्तिक सत्याग्रह सुरू झाला. देश पेटायला तयार असताना गांधीजींनी गर्दीला मागे ठेवलं आणि एकच माणूस पुढे पाठवला, विनोबा. आवरणं म्हणजे गप्प बसणं नव्हे, हे आपल्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको.

दर्भावरून उठल्यावर भरत काय करतो? तुझ्याऐवजी मी वनात जातो म्हणतो, तेही जमत नाही. मग पादुका मागतो. पण मुदत ठरवून घेतो: चौदा वर्षं संपल्यावर पहिल्याच दिवशी तू दिसला नाहीस तर मी अग्नीत शिरेन. आणि राम जाताजाता त्याला बजावतो, कैकेयीवर राग धरू नकोस, तिला सांभाळ. म्हणजे भरत रामाला थांबवू शकला नाही, पण त्याच्या परतीची जागा मात्र त्याने राखली.

मैत्रिणीला मी एवढंच लिहिलं. भावाशेजारी बस, खर्चाचा कागद काढ, विम्यापासून विहिरीच्या पाण्यापर्यंत सगळं विचार. तो डगमगला तर तो डिस्वेड झाला, चांगलंच आहे. नाही डगमगला तर किती हंगाम करून बघायचं ते आजच ठरवा, आणि तोवर घरच्या हप्त्याचं तू काय उचलतेस ते त्याला सांग. काकांना आवर. आणि आईला आधी जेवायला बसव.

तिचा रिप्लाय आला: "आईचं सोपं नाहीये रे." नसणारच. भरतालाही उठवायला रामच लागला होता. आईला भाऊच उठवू शकेल, तू नाही, असं मी कळवलंय.

उद्या नंदिग्राम. एकशे पंधरावा सर्ग वाचून या.

राम कृष्ण हरी.