जुळलेली तेरीज

हिशेब हा शब्द आपल्या घरांत दोन वेळा ऐकू येतो. एकदा महिनाअखेरीला, किराणावाल्याची वही उघडली की. आणि एकदा मय्यतीहून परतताना, वर गेल्यावर पै-पैचा हिशेब द्यायचा आहे असे कुणीतरी म्हणते तेव्हा. शब्द एकच आहे. पण बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला हिशेब शिकवायला घेतला की वर्गात त्याचा पहिलाच अर्थ उरतो, आणि तोही आकसत आकसत ‘जुळणे’ एवढाच होऊन बसतो.

तेरीज म्हणजे काय, हे वाणिज्य शाखेच्या वाचकांना सांगायला नको. इतरांसाठी थोडक्यात सांगते. रोजकीर्दीत व्यवहार लिहायचे, ते खतावणीत ज्या त्या खात्यावर न्यायचे, आणि मग सगळ्या खात्यांच्या बाक्या एका कागदावर मांडायच्या. नावे बाकी एका बाजूला, जमा बाकी दुसऱ्या बाजूला. दोन्ही बेरजा सारख्या आल्या की तेरीज जुळली. न जुळणाऱ्या दोनशे सत्तर रुपयांसाठी मुले रात्रभर जागतात आणि जुळली की मोबाइलवर एकमेकांना कळवतात. तो आनंद खोटा नाही. पण त्या आनंदात एक समजूत मुकाट्याने मनात शिरते, की जुळले म्हणजे खरे. पुढची चाळीस वर्षे ती समजूत माणसाबरोबर राहते.

जाता जाता एक गोष्ट. हिशेब, जमा, खर्च, बाकी, रक्कम, वसूल, तेरीज, दप्तर हे सारे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आलेले. फडणीस म्हणजे फर्दनवीस. कॉलेजच्या फीच्या पावतीवर जी ‘अनामत रक्कम’ असते ती आपली अमानतच. मराठीच्या जिभेवर तिची अक्षरे उलटी झाली इतकेच. अकाउंट्स आपल्या पोरांचे काम नव्हे, असे म्हणणाऱ्या आपल्याकडच्या पालकांना मी हे मुद्दाम ऐकवते. दुहेरी नोंदीची पद्धत मात्र इटलीची. लुका पाचोली नावाच्या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने १४९४ मध्ये व्हेनिसमध्ये छापलेल्या आपल्या गणिताच्या ग्रंथात ती समजावून सांगितली. पद्धत त्याने शोधली नव्हती. तिथले व्यापारी जे करत होते ते त्याने लिहून काढले. वहीची सुरुवात देवाच्या नावाने करावी असेही त्याने सांगून ठेवले आहे. आपल्याकडे कुणी ‘श्री’ लिहितो, कुणी ७८६. पहिल्या पानावर देवाचे नाव आणि पुढची पाने आपली, ही वाटणी सगळीकडे सारखीच दिसते.

तर, जुळणे आणि खरे असणे. पाठ्यपुस्तकातच एक छोटा भाग असतो, तेरजेने उघड न होणाऱ्या चुकांचा. व्यवहार मुळातच लिहिला नाही तर तेरीज जुळते. दोन चुकांनी एकमेकींची भरपाई केली तर जुळते. आणि तिसरी, तत्त्वाची चूक: जो खर्च वर्षाच्या नफ्यातून वजा व्हायला हवा तो मालमत्ता म्हणून लिहिला, तरी तेरीज अगदी चोख जुळते. दुकानाचे भाडे ‘इमारत’ खात्यावर टाकले तर बेरजेला काय कळणार?

ही चूक किती मोठी होऊ शकते ते वर्ल्डकॉमने दाखवले. ही अमेरिकेतली दूरध्वनी कंपनी. दुसऱ्या कंपन्यांच्या तारा वापरल्याबद्दल ती जे पैसे देई तो रोजचा खर्च होता, भाड्यासारखा. २००१ पासून त्यातला मोठा भाग तिने मालमत्ता म्हणून ताळेबंदात नेला. खर्च कमी दिसला, नफा वाढला. जून २००२ मध्ये कंपनीने पहिला आकडा जाहीर केला तो सुमारे ३८० कोटी डॉलरचा. पुढच्या चौकशीत एकूण गैरनोंदी ११०० कोटींच्या आसपास गेल्या. भांडवली खर्च कोणता आणि महसुली कोणता, हा आमच्याकडे पहिल्या वर्षाचा प्रश्न आहे. म्हणजे त्या काळच्या सर्वांत मोठ्या घोटाळ्यांपैकी एक, ज्या प्रश्नात आमची मुले सहज गुण मिळवतात त्या प्रश्नाच्या मुद्दाम दिलेल्या चुकीच्या उत्तरावर उभा होता. उत्तर कुणाला येत नव्हते असे नाही.

इथे शिकवण्याच्या रीतीकडे यावे लागते. अंतिम खात्यांच्या प्रश्नाखाली ‘समायोजना’ दिलेल्या असतात. अखेरच्या मालाची मूळ किंमत ४०,००० रुपये, बाजारभाव ३६,००० रुपये. यंत्रावर दहा टक्के घसारा. येण्यांवर संशयित कर्जासाठी पाच टक्के तरतूद करा. विद्यार्थी ३६,००० घेतो, कारण दोहोंत कमी असेल ती किंमत घ्यायची असा नियम आहे. पाच टक्के काढतो, कारण पाच टक्के दिले आहेत. पण हे पाच आले कुठून? बाहेरच्या जगात प्रश्नाखाली काही छापलेले नसते. कोणता गिऱ्हाईक पैसे बुडवणार, गोदामातला माल खरोखर कितीला जाईल, यंत्र किती वर्षे चालेल, हे कुणीतरी बसून ठरवत असते. ठरवणाऱ्याचा पगार, बढती, मालकाचा मूड, बँकेची मर्यादा सगळे त्या पाचाभोवती उभे असते. आम्ही वर्गात आकडेमोड शिकवतो आणि जिथे नीतीचा प्रश्न सुरू होतो तो आकडा आधीच सोडवून हातात ठेवतो.

आणि मग नीती वेगळी शिकवतो. दुसरा तास, दुसरी वही. व्यावसायिक नीतीची तत्त्वे लिहा: सचोटी, वस्तुनिष्ठता, क्षमता व दक्षता, गोपनीयता, व्यावसायिक वर्तन. पाच तत्त्वे, पाच गुण. सचोटीचे स्पेलिंग इंग्रजीत चुकले तर अर्धा गुण कमी करणारे परीक्षकही मी पाहिले आहेत. तत्त्वे वाईट नाहीत. पण ती अशी शिकवली की मुलांना वाटते, नीती म्हणजे हिशेब पुरा झाल्यावर वरून लावायचा रंग.

रंगाचे उदाहरण आपल्या कोकणातच आहे. गुहागर तालुक्यात खाडीच्या मुखाशी दाभोळ वीज प्रकल्प उभा राहिला तो एन्रॉनचा. १९९३ चा करार, १९९५ मध्ये रद्द, पुन्हा वाटाघाटी, १९९९ मध्ये वीज सुरू, २००१ मध्ये बंद. त्या राजकारणाबद्दल पुष्कळ लिहून झाले आहे. एन्रॉनची वही मात्र आपण फारशी उघडली नाही. या कंपनीची साठहून अधिक पानांची नीतिसंहिता होती. जुलै २००० ची तिची प्रत पुढे फार गाजली. त्याआधीच, १९९९ मध्ये, संचालक मंडळाने रीतसर ठराव करून तिच्यातला हितसंबंधांचा नियम बाजूला ठेवला होता, कारण कंपनीच्या वित्तप्रमुखालाच कंपनीशी व्यवहार करणाऱ्या भागीदाऱ्या चालवायच्या होत्या. आणि नफा मोजण्याची त्यांची रीत? लांब मुदतीचा करार झाला की पुढच्या अनेक वर्षांचा अंदाजे नफा आजच्याच वर्षात लिहायचा. कलमाला मोहोर यायच्या आधी वीस वर्षांच्या आंब्याच्या पेट्यांचा नफा वहीत लिहावा, तसे हे. ही रीत वापरायला १९९२ मध्ये अमेरिकेच्या नियामकाने संमतीही दिली होती. डिसेंबर २००१ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. आपल्या सत्यमचे तर नावच सत्य. जानेवारी २००९ मध्ये तिच्या अध्यक्षाने कबूल केले की वहीतल्या रोख व बँक शिलकेपैकी ५,०४० कोटी रुपये नव्हतेच. चार महिन्यांपूर्वी, २००८ मध्ये, त्या कंपनीला उत्तम कारभाराचा पुरस्कार मिळालेला होता.

आता आपल्या मुलांविषयी थोडे. भागीदारीची खाती सुरू झाली की एखादा मुलगा तास संपल्यावर हळूच येतो. मॅडम, भांडवलावरच्या व्याजाची नोंद लिहिली तर गुनाह होतो का? व्याज घेणारा, देणारा, लिहिणारा आणि साक्ष देणारा यांना एका रांगेत उभे करणारी हदीस त्याने जुम्माच्या बयानात ऐकलेली असते. फतवा देणे माझे काम नव्हे. मी त्याला एवढे सांगते की, १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार करारात तसे ठरलेले नसेल तर भांडवलावर व्याज मिळतच नाही. आणि ठरलेले असले तरी ती नफा आपापसांत वाटून घेण्याची एक रीत असते. त्याचे समाधान होते की नाही, माहीत नाही. त्याच्या प्रश्नाचा मला आदर आहे. पण इतक्या वर्षांत एकाही मुलाने मला असे विचारलेले नाही की मॅडम, बुडीत येणी जिवंत दाखवली तर गुनाह होतो का?

खरे तर आपल्याकडे त्याचेही उत्तर आहे. पैगंबर (स.) बाजारातून जात असता धान्याच्या एका ढिगात त्यांनी हात घातला, तर बोटांना ओल लागली. व्यापारी म्हणाला, पावसाने भिजले. मग ते लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले, आणि फसवणाऱ्याशी आपले नाते नाकारले. या गोष्टीत वजनात खोट असल्याचा उल्लेख नाही. किंमत जास्त सांगितल्याचाही नाही. ओल होती हा गुन्हा नव्हता, पाऊस कुणाच्या हातात आहे? ओल खाली होती, हा आक्षेप. आजच्या ताळेबंदांतली लबाडी बहुतेक याच जातीची असते. ओले धान्य विसाव्या पानावरच्या टिपेत, बारीक टायपात ठेवलेले. आपण व्याजाच्या बाबतीत जितके हळवे आहोत त्याच्या निम्मे या ओलीच्या बाबतीत असतो, तर आपल्या पतपेढ्यांचा आणि वक्फच्या वह्यांचा चेहरा वेगळा दिसला असता, असे मला वाटते.

माझ्या वर्गातली एक मुलगी दुपारनंतर एका हार्डवेअरच्या दुकानात टॅलीवर नोंदी करते. वडील नाहीत. शेठने तिला अखेरच्या मालाच्या दोन याद्या करायला सांगितल्या. बँकेसाठी फुगवलेली, कारण माल जास्त तर कर्जाची मर्यादा जास्त. आयकरासाठी आटवलेली, कारण अखेरचा माल कमी तर नफा कमी, नफा कमी तर कर कमी. दोन्ही याद्यांवरून ताळेबंद जुळतो. माल जितका उतरतो तितकेच भांडवल उतरते, दुहेरी नोंदीला तक्रार करायला जागाच राहत नाही. तिने मला विचारले, मॅडम, पाप कोणाला लागणार, मला की शेठला?

वर्ल्डकॉममध्येही अशी एक हिशेबनीस बाई होती, मधल्या फळीतली. २००० साली तिला ८२ कोटी ८० लाख डॉलरचा खर्च कमी दाखवायला सांगितले. ती नाही म्हणाली, मग केले, मग राजीनाम्याचा विचार केला. पुन्हा असे सांगणार नाही असा शब्द वरिष्ठांनी दिला. घर तिच्या पगारावर अवलंबून होते. ती राहिली, आणि पुढच्या तिमाहीत पुन्हा तेच. २००५ मध्ये तिला पाच महिन्यांची कैद झाली. वरून हुकूम होता म्हणून ती सुटली नाही.

नीतीचे पुस्तक अशा वेळी सांगते: वरिष्ठांना सांगा, समितीकडे जा, नाहीतर बाजूला व्हा. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना २०१३ च्या कंपनी कायद्याने तक्रारीची यंत्रणा ठेवायला लावले आहे. हार्डवेअरच्या दुकानात वरिष्ठ, समिती आणि यंत्रणा सगळे शेठच. सूरह बकराच्या त्या दीर्घ आयतीत कर्जाचा व्यवहार लिहून ठेवायला सांगितले आहे, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे असे सांगितले आहे, आणि ज्याच्यावर देणे आहे त्याने मजकूर सांगावा असेही. हे आपण अनेकदा ऐकतो. पण शेवटाकडे असेही येते की लिहिणाऱ्याला आणि साक्षीदाराला त्रास दिला जाऊ नये. या भागावर बयान झालेले मी तरी ऐकलेले नाही. लिहिणाऱ्याकडून खरेपणाची अपेक्षा करणाऱ्याने त्याच्या रोजीची काळजीही वाहायला हवी, असा त्याचा अर्थ मी घेते. आपण समाज म्हणून पहिली अपेक्षा ठेवतो आणि दुसरी जबाबदारी त्या एकट्या मुलीवर सोडून देतो.

आयतीबद्दल मी वर्गात बोलले होते, पाचोलीच्या ओघात. तिने त्यातून आपला मार्ग काढला. शेठला म्हणाली, माल मी मोजलेला नाही, तुम्ही सांगता. तेव्हा तुमच्या हाताने लिहून सही करून द्या, मग मी टाइप करते. शेठ हसला, बँकेची यादी लिहून दिली, सही केली. आयकराची मात्र अजून तोंडीच सांगतो आहे. ती चिठ्ठी तिने कंपासपेटीत ठेवली आहे. बँकेत मात्र खोटाच आकडा गेला, तिच्याच बोटांनी टाइप केलेला, हे तिलाही ठाऊक आहे.

एका दवाखान्यात बिले करण्याचे काम तिला मिळते आहे. पगार आठशे रुपयांनी कमी. अजून तिने हो म्हटलेले नाही. धाकट्या भावाची फी जूनमध्ये भरायची आहे.