जिद्दी

इंग्रजीत 'रिफ्रॅक्टरी' असे एक विशेषण आहे. माणसाला लावले तर त्याचा अर्थ अडेल, हुकूम न मानणारा. विटेला लावले तर आगीला न बधणारी. औषधाला दाद न देणाऱ्या दुखण्यालाही डॉक्टर हेच विशेषण लावतात. मूळ लॅटिन शब्द हट्टी माणसाचाच. विटेच्या वाट्याला तो नंतर आला. गुण एकच असताना माणसात तो दोष आणि विटेत कौतुक का?

आम्हा उर्दू माध्यमाच्या शिक्षकांना ही अडचण नवी नाही. उर्दूत मुलाला 'जिद्दी' म्हटले की तक्रार होते, मराठीत तोच शब्द शाबासकी ठरतो. प्रगतिपुस्तकातला तोच शेरा एका घरात मार देईल, दुसऱ्या घरात पेढे!

बारामती एमआयडीसीत अनेक मुलांचे वालिद कामाला जातात, त्यामुळे भट्टी हा शब्द वर्गात परका नाही. पोलाद ठोकून घडवायचे तर ते साधारण १२०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते. भट्टीला आतून फायर ब्रिकचे अस्तर असते, अल्युमिना आणि सिलिका असलेल्या मातीचे. ही वीट आग अडवून धरते, म्हणून पलीकडे उभा असलेला कामगार भाजत नाही. अरबीत 'सब्र'च्या मुळाशीही रोखून धरण्याचाच अर्थ आहे. आपण त्याचा अर्थ मुकाट सोसणे असा करून घेतला, आणि तो बहुतेक वेळा मुलीबाळींनाच ऐकवला.

विशेषण लावतो कोण, हेही पाहायला हवे. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरात हिंदी लोकांची सभा भरली होती. सक्तीच्या नोंदणीचा आणि बोटांच्या ठशांचा कायदा येऊ घातला होता. शेठ हाजी हबीब यांनी खुदाला साक्ष ठेवून तो न मानण्याची शपथ घेण्याचे आवाहन केले. ट्रान्सवाल सरकारच्या लेखी ही माणसे अडेलच. पुढे या लढ्याला 'पॅसिव्ह रेझिस्टन्स' म्हणू लागले, तेव्हा गांधीजींना त्यातले 'पॅसिव्ह' खटकले. त्यात दुबळेपणाची छटा होती. 'सत्याग्रह' हा शब्द त्या शोधातून आला.

पण म्हणून प्रत्येक हट्टाला सलाम करायचा का? सातवीनंतर मुलीला शाळेतून काढणारा बापही 'आम्ही कुणापुढे झुकत नाही' असेच म्हणतो. त्याच्या या बाण्याची किंमत तो स्वतः मोजत नाही. आग तो अडवत नाही, मुलीच्या अंगावर लोटतो. त्याला वीट म्हणायला आम्ही तयार नाही.

आणि वीटही अमर नसते. एकदम तापवली, एकदम थंड केली की तिला तडे जातात. म्हणून नवे अस्तर लावल्यावर भट्टी हळूहळू तापवतात. सोमवारी दटावणी, मंगळवारी लाड, बुधवारी पुन्हा दटावणी, असे वर्गातल्या अडेल मुलाचे चाललेले असते. तो तडकला की आपण म्हणतो, पोरगा मुळातच कच्चा होता.