झाडाने दिलेले आणि आपण घेतलेले

परोपकाराचा विषय निघाला आणि वृक्षाचा दृष्टान्त आला नाही, असे कीर्तन सहसा होत नाही. ज्ञानेश्वर माउलींनीही बाराव्या अध्यायात भक्ताच्या समतेसाठी वृक्षच पुढे केला आहे. तोडणाऱ्यात आणि लावणाऱ्यात तो भेद करीत नाही. हा दृष्टान्त आम्ही जन्मभर सांगत आलो आणि पुढेही सांगू. पण मागे एका सप्ताहात कीर्तन आटोपल्यावर एका वृद्ध सुतारबुवांनी आम्हांस गाठून विचारले, "महाराज, झाड फळ देतं हे कबूल. पण लाकूड ते देतं, का आम्ही घेतो?"

प्रश्न दिसतो साधा, पण शास्त्राच्या गाभ्याला हात घालतो. दान म्हणजे वस्तूवरील आपले स्वत्व सोडून तेथे दुसऱ्याचे स्वत्व उत्पन्न करणे. म्हणजे सोडणारा पाहिजे. आंबा पिकला की देठ आपण होऊन सुटतो. मोहाचे फूल पहाटे खाली पडते, वेचणारा टोपली घेऊन जातो. येथे झाडाने सोडले आणि आपण उचलले. याला दान म्हणण्यास कोणाची हरकत नसावी.

डिंकाची गोष्ट थोडी निराळी. बाभळीचा किंवा धावड्याचा डिंक हा झाडाने आपल्या जखमेवर घातलेला लेप आहे. पूर्वीच्या पोथ्यांची शाई काजळ आणि बाभळीच्या डिंकाची असे. म्हणजे ती अक्षरे झाडाच्या घावावरच्या खपलीने धरून ठेवलेली आहेत. गुग्गुळाचेही तसेच. खोडाला चिरा देऊन तो गाळतात; चिरा बेताच्या असल्या तर झाड तगते, लोभाने दिल्या तर वाळते. राजस्थान-गुजरातेत हे झाड त्यापायीच दुर्मिळ होत चालले. कापराची कथा उलटी. तो पूर्वी कापराच्या झाडाचे लाकूड तोडून काढीत. आता पुष्कळसा कापूर चीड जातीच्या वृक्षांच्या राळेपासून कारखान्यात होतो. आरतीत तो जळताना आपल्याला याचा पत्ताही नसतो.

उदबत्तीचे तर कोणी मनातही आणीत नाही. भुकटी काडीला चिकटून राहते ती जिगटामुळे, आणि जिगट म्हणजे मैदालकडीसारख्या झाडांच्या सालीचे पीठ. पानांनी तयार केलेला रस सालीच्या आतल्या अंगाने मुळांकडे उतरतो. खोडाभोवती पुरता वळसा घालून साल सोलली की मुळे उपाशी मरतात आणि मागाहून झाड मरते. सालीचा तुकडा एका बाजूने काढला तर झाड जखम भरून काढते. एवढेच अंतर आहे, आणि ते सोलणाऱ्याच्या हातात आहे.

आता चंदन घ्या. सुगंध असतो तो गाभ्यात आणि मुळांत. गाभा धरायलाच कित्येक वर्षे लागतात आणि तो पाहिजे असेल तर झाड मुळासकट काढावे लागते. खैराच्या कातासाठीही गाभ्याचेच तुकडे उकळतात. येथे झाडाने काय सोडले? काही नाही. आपण घेतले. घेतलेल्याला दान म्हणणे म्हणजे दुसऱ्याच्या नावाने आपणच पावती फाडणे होय. झाड समबुद्धीने उभे आहे, ते भक्ताने शिकावे म्हणून. कुऱ्हाडवाल्याने मनाचे समाधान करून घ्यावे म्हणून नव्हे.

यावर कोणी म्हणतील, झाडाला काय कळते? तर मनूने वनस्पतींना आत जाणीव आहे, सुखदुःख आहे असे सांगितले आहे, आणि शांतिपर्वात भृगूंनी भरद्वाजांना वृक्षांची इंद्रिये एकेक करून समजावली आहेत. मग काहीच घ्यायचे नाही काय? तसे म्हणणाऱ्याने आधी आपल्या वहाणा काढाव्यात. त्यांचे कातडे बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेले असते. दिंडीतली बैलगाडी, राहुटीची काठी, पळसाची पत्रावळ, काय काय सोडाल? देहधारी माणसाला घेतल्यावाचून गती नाही.

राज्यकर्त्यांनीही हा पेच ओळखला होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे सुमारे १७१५ साली, आरमाराच्या लाकडाविषयी आज्ञा आहे. आंबे-फणसांची लाकडेही आरमाराच्या उपयोगाची, पण त्यांना हात लावू देऊ नये. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात. झाड फारच जीर्ण झाले असेल तर धन्याची समजूत घालून, मोल देऊन, त्याच्या संतोषाने न्यावे. १९६४ साली महाराष्ट्रात वृक्षतोड नियमनाचा कायदा झाला, त्याच्या यादीत खैर, चंदन, मोह, हिरडा आहेत. पण कायदा विचारतो परवानगी. अमात्य त्याखेरीज झाड वाढायला किती वर्षे लागली, हेही विचारतात.

सुतारबुवांना आम्ही याच अंगाने उत्तर दिले. जेवढी वर्षे झाडाने वाढण्यात घालविली, तेवढी तरी आपण ती वस्तू वापरतो काय, हे पाहावे. विड्याचा रंग थुंकीबरोबर जातो आणि खैर गेलेला असतो. हा हिशेब कुठेच जमत नाही. चंदनाचे खोड सहाणेवर केसाएवढे झिजते आणि घरात आजीपासून नातवापर्यंत पुरते. तुळस काही वृक्ष नव्हे, पण माळेचे मणी वाळलेल्या काडीचे होतात आणि माणूस ती माळ शेवटपर्यंत गळ्यात वागवितो.

सुतारबुवा हसले. मग म्हणाले, "आणि मृदंग?" मृदंगाच्या लाकडी अंगालाही कारागीर खोडच म्हणतात. पुडी फाटते, वादी सैल पडते, गठ्ठे बदलावे लागतात. खोड मात्र तेच राहते. आमच्या फडावरचे खोड तीन मृदंगाचार्यांच्या हातून गेले आहे. आषाढीच्या आधी त्याला नवी पुडी घालायची आहे.