निष्ठा आणि मत्सर

मागल्या कार्तिकात आमच्या जेसल पार्कातील एका सज्जनांच्या घरी कीर्तन झाले. आरती झाली, बुक्का लावून झाला, मंडळी चपला शोधू लागली, तेव्हा एक तरुण गृहस्थ पायावर डोके ठेवून म्हणाले, "बुवा, एक विचारू का? ज्याच्यावर आपण जन्मभर जीव लावला तो वर्षानुवर्षे हरतच असेल, तर जीव लावणाऱ्याने काय करावे?" मला वाटले, घरातील काही दुखणे असेल, परीक्षेत मागे पडणारा भाऊ असेल, व्यापारात बसलेले वडील असतील. चौकशी करता कळले की गृहस्थ क्रिकेटच्या संघाविषयी बोलत होते. भोवतालची मंडळी हसली. मला मात्र हसता आले नाही. हे दुखणे मला पन्नासहून अधिक वर्षांचे आहे, आणि त्यापायी एकदा माझ्या हातून जे घडले ते आठवले की अजून मान खाली जाते. त्या रात्री त्या गृहस्थांना मी नीट उत्तर दिले नाही. ते आज देतो.

मी मूळचा वाईकडचा. पाठशाळेत रूपावली आणि अमरकोश घोकण्याचे ते वय. आमचे शास्त्रीबुवा मोठे करडे, पण क्रिकेटचा विषय निघाला की त्यांची मुद्रा निवळे. त्याचे कारण प्रा. दि. ब. देवधर. देवधर पुण्यास संस्कृतचे प्राध्यापक, आणि महाराष्ट्राच्या संघाचे कर्णधार! त्यांच्या हाताखाली महाराष्ट्राने 1939-40 साली आणि लगेच 1940-41 साली रणजी करंडक जिंकला. दुसऱ्या विजयाच्या वेळी देवधर पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. व्याकरण जाणणारा मनुष्य मैदानावरही एवढा पराक्रम करतो, याचे शास्त्रीबुवांना फार कौतुक. ते कौतुक आम्हां पोरांत उतरले आणि महाराष्ट्राचा संघ तो आपला, अशी खूणगाठ बसली.

पण श्रोतेहो, ती दोन अजिंक्यपदे झाली ती झाली. 2024-25 च्या मोसमापर्यंत तिसरे काही आले नाही. अंतिम सामन्यापर्यंत आमची मंडळी गेली, नाही असे नाही. 1970-71 साली गाठ मुंबईशी होती. वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोळकर हे मुंबईचे मोहरे तेव्हा भारताच्या संघाबरोबर वेस्ट इंडीजला गेलेले. सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखाली उरलेला संघ उभा होता. आम्ही पोरे म्हणालो, यंदा करंडक आपलाच. हरलो, अवघ्या 48 धावांनी! मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. शास्त्रीबुवांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि "चला, धातुपाठ म्हणा" एवढेच म्हणाले. पुढे 1992-93 साली पंजाबने हरविले, 2013-14 साली कर्नाटकाने. देवधर 1993 साली वारले तेव्हा त्यांचे वय एकशे एक होते. शेवटचा करंडक जिंकल्यावर बावन्न वर्षे ते जगले, पण आपल्या संघाचे तिसरे अजिंक्यपद काही त्यांच्या दृष्टीस पडले नाही.

आता कोणी म्हणेल, हरिदासाला ह्या उठाठेवी हव्यात कशाला? प्रश्न रास्त आहे. खेळ आणि वारी एका तागडीत घालण्याचा आचरटपणा मी करणार नाही. चेंडूफळीचा खेळ तो खेळच. त्यात पंढरी शोधू नये. परंतु मन काही दोन नसतात. घरात जे मन, तेच बाजारात, तेच दिंडीत. एखाद्या क्षुल्लक ठिकाणी ते कसे वागते हे पाहिले तर मोठ्या ठिकाणी काय करील याचा अंदाज येतो. आणि आमच्या संतांनाही खेळाचे वावडे नव्हते. फुगडी, हुतूतू, हमामा, टिपरी यांवर त्यांनी अभंग रचले आहेत, हे वारकऱ्यांना मी सांगायला नको.

हरणाऱ्या संघावर जीव असला की त्या दुःखातून सुटायला मन तीन वाटा शोधते. तिन्ही मी चाललो आहे म्हणून सांगतो.

पहिली वाट, संघ बदलण्याची. आम्ही वीसेक वर्षांपूर्वी मुलाच्या नोकरीमुळे भाईंदरला आलो. हा सारा पट्टा मुंबईच्या क्रिकेटचा. पालघरचा शार्दूल ठाकूर ह्याच पश्चिम रेल्वेच्या लोकलने खेळायला जात असे आणि मुंबईकडून खेळून तो भारताच्या संघात गेला. आमच्या इमारतीतील पोरे त्याच्या नावाने नाचतात, ते योग्यच आहे. "बुवा, आता तुम्ही इकडचे झालात, मुंबईचे व्हा की!" असे शेजारी थट्टेने म्हणत. मुंबईपाशी बेचाळीस अजिंक्यपदे. सुखाला तोटा नाही. पण मला ते जमेना. निष्ठा ह्या शब्दात 'स्था' धातू आहे. त्याचा अर्थ उभे राहणे. ऊन लागले की सावली बदलणारा मनुष्य उभा राहिला असे म्हणता येत नाही.

दुसरी वाट खोट्या वैराग्याची. "हरले तर हरले, आपल्याला काय त्याचे?" असे वरवर म्हणायचे आणि आत जळायचे. कोल्ह्याला द्राक्षे आंबट, दुसरे काय! मी कित्येक वर्षे हे सोंग केले. आमच्या सौभाग्यवती मात्र ओळखत. पराभवाच्या दिवशी मी आमटीला नावे ठेवतो, हे त्यांनी हेरून ठेवले होते. दुःख झाले तर झाले म्हणावे. त्यात लाज कसली? दुःख होणे हा दोष नाही. ते आमटीवर काढणे हा दोष.

तिसरी वाट सर्वांत वाईट, आणि ती मला फार उशिरा दिसली. तीच हकीकत सांगायची आहे.

2014 च्या जानेवारीत वानखेडे मैदानावर महाराष्ट्राने उपांत्यपूर्व सामन्यात मुंबईला हरविले. मुंबईचा दुसरा डाव 129 धावांत आटोपला आणि आमच्या केदार जाधव व विजय झोल ह्यांनी 252 धावांचे लक्ष्य दोनच गडी गमावून गाठून दिले. त्या दिवशी मी काय केले असेल? साखरेचा डबा घेऊन इमारतीत दारोदार फिरलो! मुंबईच्या अभिमान्यांची घरे ती. कोणाच्या कपाळाला आठी पडली नाही. उलट एक गुजराती आजी म्हणाल्या, "महाराज, आज तुमचा चेहरा पाहून बरे वाटले." सर्वांनी माझी साखर तोंडात टाकली. पुढे अंतिम सामना हरलो तो भाग वेगळा.

दहा वर्षे लोटली. 14 मार्च 2024 रोजी त्याच वानखेडे मैदानावर मुंबईने विदर्भाला 169 धावांनी हरवून बेचाळिसावे अजिंक्यपद मिळविले. माझा नातू तेव्हा नऊ वर्षांचा. जन्म भाईंदरचा, तेव्हा मुंबईचाच अभिमानी. अंतिम सामन्याच्या पहिल्या डावात शार्दूलने 75 धावा काढल्या होत्या. त्या त्याला तोंडपाठ. संध्याकाळी तो कोपऱ्यावरच्या दुकानातून पेढे घेऊन आला, देवापुढे ठेवले आणि पहिला पेढा माझ्यापुढे धरून म्हणाला, "आजोबा, तुम्ही आधी घ्या." मी म्हणालो, "बेचाळीस झाले की! ज्यांची पोटे भरली आहेत त्यांचे कसले पेढे खायचे? ठेव तिकडे."

पोराचा हात तसाच राहिला. तो काही बोलला नाही. पेढा परत खोक्यात ठेवून गॅलरीत जाऊन बसला. स्वयंपाकघरातून ही बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, पोराचा पेढा खाल्ला असता तर तुमचा महाराष्ट्र आणखी काय बुडणार होता?" मला राग आला. बरोबर बोललेले लागते, तसा.

पुढच्या आठवड्यात आमलकी एकादशीस माझे कीर्तन होते. निरूपणात षड्रिपूंचा विषय आला. काम, क्रोध, लोभ, मोह, मद इथपर्यंत जीभ सराईतपणे चालली आणि मत्सरापाशी येऊन अडखळली. अमरकोशात मत्सराचा अर्थ दुसऱ्याच्या शुभाचा द्वेष असा दिला आहे. वयाच्या दहाव्या वर्षी मी तो पाठ केला होता. समोर पुढच्या रांगेत नातू टाळ घेऊन बसला होता. मला वाटले, ह्या सभेत त्या शब्दाचा अर्थ माझ्याहून ह्या पोराला अधिक ठाऊक आहे. कसेबसे निरूपण पुरे केले.

त्या रात्री झोप येईना. मनात भाऊसाहेब निंबाळकरांची गोष्ट घोळू लागली. आम्ही महाराष्ट्राचे लोक ती गोष्ट मोठ्या चवीने सांगतो. डिसेंबर 1948. पुण्यास काठियावाडाविरुद्ध सामना. निंबाळकर 443 धावांवर नाबाद. ब्रॅडमनचा 452 धावांचा विक्रम मोडायला आणखी दहाच धावा हव्या होत्या. पण आपल्याविरुद्ध असा विक्रम नोंदला जाऊ नये म्हणून प्रतिपक्षाने पुढे खेळायचे नाकारले, सामना सोडून दिला, असे सांगतात. निंबाळकर 2012 साली वारले. कसोटी सामना त्यांच्या नशिबी कधी आला नाही. ही गोष्ट सांगताना मी नेहमी प्रतिपक्षाला बोल लावीत आलो. त्या रात्री ध्यानात आले की मी वेगळे काय केले? दुसऱ्याचे यश डोळ्यांनी पाहवेना म्हणून मीही मैदान सोडूनच गेलो. तेही कोणापुढून? नऊ वर्षांच्या पोरापुढून!

येथे त्या तरुण गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर आहे, असे मला वाटते. आपल्याला वाटते की पराभव हीच निष्ठेची कसोटी. पराभव सोसायची सवय होते, मला झाली. खरी कसोटी लागते ती दुसरा जिंकतो तेव्हा. इतकी वर्षे हरणाऱ्यांची सोबत केली म्हणजे आपण कोणी मोठे सोशिक, आणि जिंकणारे ते पोटभरू, असा एक ताठा नकळत चढतो. मग संघावरचे प्रेम बाजूला राहते आणि आपल्या सोसण्यावर प्रेम जडते. माझे तसेच झाले होते. महाराष्ट्राच्या पोरांचा त्यात काही दोष नव्हता, मुंबईच्या पोरांचा तर नव्हताच.

ह्यावर उपाय योगसूत्रकारांनी सांगून ठेवला आहे. सुखी मनुष्याविषयी मैत्रीची भावना धरावी. टीकाकार स्पष्ट करतात की अशाने मनाचा ईर्ष्येचा मळ धुतला जातो. मैत्री म्हणजे पक्ष बदलणे नव्हे. मित्राच्या घरी लग्न असले की आपण जेवून येतो. म्हणून काही आपले घर सोडीत नाही. मी महाराष्ट्राचा राहून मुंबईचा पेढा खाऊ शकत होतो. आमच्या शेजाऱ्यांनी मुंबईचे राहून माझी साखर खाल्लीच होती. त्यांना योगसूत्रे ठाऊक नव्हती, मला होती, एवढाच काय तो फरक.

कोणी आशा धरावी की नाही, असेही विचारतील. खुशाल धरावी. विदर्भाचा संघ रणजी करंडकात प्रथम उतरला 1957-58 साली आणि पहिले अजिंक्यपद मिळविले 2017-18 साली. साठ वर्षे! पुढच्याच वर्षी दुसरे आणि 2024-25 साली तिसरे. तेव्हा दिवस पालटतात. पण दिवस पालटतील म्हणून जीव लावावा, हा व्यापार झाला. वारीच्या वाटेवर रिंगण होते, तेव्हा घोडे जिवाच्या आकांताने धावतात. कोणता घोडा पुढे गेला याची नोंद कोणी ठेवीत नाही. धावणे झाले की मंडळी टापांखालची माती कपाळी लावतात. आपल्या संघाच्या पोरांकडे वर्षातून एकदा तरी ह्या डोळ्यांनी पाहावे. ती पोरे धावली, त्यांनी घाम गाळला. चुकली असतील तर चुकली म्हणावे, खोटे समर्थन करू नये. पण शिव्याशाप देऊ नयेत.

आता शेवटची गोष्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी पेढ्यांचे खोके पाहिले. एक पेढा उरला होता. सूनबाई म्हणाली, "बाबा, त्याने तुमच्यासाठी ठेवलाय. कोणाला हात लावू देत नाही." सात दिवसांचा पेढा, वाळून खडखडीत झालेला. संध्याकाळी नातवाला घेऊन खाडीकाठच्या चौपाटीवर गेलो. नायगावकडची गाडी पुलावरून धडधडत गेली. मी खिशातून पेढा काढला आणि म्हणालो, "बाळ, माझे चुकले. त्या दिवशीचा पेढा आज खाल्ला तर चालेल का?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "चालेल. पण आधी म्हणा, शार्दूल चांगला खेळला."

"फार चांगला खेळला," मी म्हणालो, आणि खरेच म्हणालो.

मग त्याने अर्धा तोडून मला दिला, अर्धा आपण खाल्ला, आणि विचारले, "आजोबा, महाराष्ट्र जिंकला तर तुम्ही काय वाटाल?" मी म्हटले, "साखर. तू डबा धरायचास." तो "बरं" म्हणाला. तो डबा अजून वाट पाहत आहे, आणि मीही. परंतु आता वाट पाहताना आमटीला नावे ठेवीत नाही, असा सौभाग्यवतींचा दाखला आहे.

तरुण गृहस्थांनी एवढ्यावर समाधान मानावे. बोलण्यात अधिकउणे झाले असेल ते संतसज्जनांनी पदरात घ्यावे. रामकृष्णहरी.