पाव मिलिमीटरची किंमत

दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर ज्याला 'दहा' म्हणतात तो ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पेलेट साडेचार मिलिमीटरचे. पेलेटची कड त्या ठिपक्याला नुसती चाटून गेली तरी दहा गुण पदरात पडतात, आणि तिथून मध्याकडे सरकताना दर पाव मिलिमीटरला एक दशांश गुण वाढत जाऊन 10.9 वर थांबतो. साठ गोळ्यांच्या पात्रता फेरीत जास्तीत जास्त 654. रायफलला वरून लावायच्या सुट्या भागांचा सगळा बाजार या पाव मिलिमीटरवर उभा आहे. ते विकता येते असे विक्रेता सांगतो आणि ते विकत घेता येईल अशी आशा पालकांना असते.

महाराष्ट्रात ही आशा जुनी आहे आणि तिला कारणही आहे. अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत, रुद्रांक्ष पाटील अशी नावे या राज्याने दिली. 2024 मध्ये पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकले. अशा यशानंतर रेंजवर नवी मुले येतात आणि मुलांपाठोपाठ याद्या येतात. फाइनवेर्कबाउ, वाल्थर किंवा श्टायरची मॅच एअर रायफल काही लाखांची. ती घरी आली की खर्च संपला असे वाटते, पण तेव्हा तो कुठे सुरू झालेला असतो. खांद्याला टेकणारी बटप्लेट बदला, ग्रिप बदला, मागच्या साइटला म्हणजे डायऑप्टरला बारीक-मोठा होणारा आयरिस लावा, फ्रंट साइटची रिंग बदला, नळीवर वजने चढवा, फ्रंट साइट पुढे नेणारी ट्यूब घ्या. एक चांगली जर्मन बटप्लेट तीस-चाळीस हजारांच्या घरात जाते. हे सगळे घ्यावे का?

आधी रायफलीची बाजू ऐकू. चांगली मॅच रायफल कारखान्यातून निघताना तिच्यासोबत चाचणीचे कार्ड येते. तिला शिकंज्यात आवळून काही पेलेट सोडलेली असतात आणि कार्डावर बहुतेकदा एकच भोक दिसते, एका पेलेटच्या भोकापेक्षा किंचित मोठे. माणूस बाजूला झाला की ती दहाच्या बाहेर जात नाही. तिची चूक नगण्य, चूक धरणाऱ्याची. किती, तेही मोजता येते. पेलेट मध्यापासून अडीच मिलिमीटर सरकले की दहाची हद्द संपते. दहा मीटर अंतर धरले, तर त्यासाठी रायफलीचे पुढचे टोक मागच्या टोकाच्या तुलनेत साधारण दोन दशांश मिलिमीटर हलले तरी पुरते, म्हणजे वहीची दोन पाने एकावर एक ठेवल्यावर होते तेवढे. श्वास, नाडी, पायाच्या घोट्यातली थरथर, ट्रिगरवर बोट जरा तिरके पडणे, यांतले काहीही तेवढे हलवते. पेलेट सेकंदाला सुमारे 170 मीटर वेगाने जाते. नळीतून बाहेर पडायलाही त्याला काही क्षण लागतो आणि त्या क्षणात खांदा सैल पडला की गुण गेला.

म्हणून सुट्या भागांच्या यादीला मी एकच प्रश्न विचारतो: हा भाग रायफलीसाठी आहे की शरीरासाठी? बटप्लेट, चीकपीस, ग्रिप, हँडस्टॉप हे शरीरासाठी आहेत. खांद्याचा खळगा, गालाचे हाड, मानेची लांबी, पंज्याचा आकार प्रत्येकाचा वेगळा. चीकपीस दोन मिलिमीटर खाली असेल तर डोळा साइटच्या रेषेत आणायला मान वाकते, मान वाकली की स्नायू ताणतात, आणि चाळिसाव्या गोळीला ते ताणलेले स्नायू थरथरायला लागतात. अशा वेळी योग्य भागावर घातलेले पैसे वसूल होतात यात मला शंका नाही. पण बहुतेक मॅच रायफलींवर मुळातच असलेली बटप्लेट वरखाली, आतबाहेर आणि तिरकी होते, चीकपीसही हलते. ते स्क्रू कधी सैलही न करता नवा भाग मागवणारे लोक रेंजवर नेहमी भेटतात. त्यांच्या हातात ॲलन की द्यावी आणि प्रशिक्षकाला तासभर शेजारी उभे करावे, निम्मी यादी तिथेच खलास होते. वाढत्या वयाच्या मुलांच्या बाबतीत तर हे फारच खरे. चौदा वर्षांच्या मुलीच्या खांद्याच्या मापाने घेतलेली महागडी गोष्ट तिच्या सोळाव्या वर्षी पुन्हा जुळवावी लागते. त्यामुळे जे आहे ते जुळवता येणे हे कौशल्य आधी शिकलेले बरे.

दुसऱ्या प्रकारचे भाग रायफल 'सुधारतात'. यांच्याबद्दल मी कडक आहे. ट्रिगरचेच पाहा. एअर रायफलमध्ये ट्रिगरच्या वजनाला किमान मर्यादा नाही (एअर पिस्तुलाला आहे), त्यामुळे मॅच रायफलीचा मूळ ट्रिगरच इतका हलका आणि बारकाईने जुळवता येण्यासारखा असतो की नवशिक्याचे बोट त्याच्या लायकीचे व्हायलाच वर्षे जातात. नळीवरच्या वजनांनी होल्ड स्थिर वाटतो, पण एअर रायफलची वजनमर्यादा साडेपाच किलोची आणि मुलाच्या कंबरेची मर्यादा त्याहून बरीच खाली. त्यात नियमांचीही गंमत आहे. 50 मीटरला चालणारा पाम रेस्ट, म्हणजे तळहाताखालचा टेकू, 10 मीटरला चालत नाही. जॅकेटच्या कापडाची जाडी अडीच मिलिमीटरपर्यंत, आणि ते किती कडक आहे हेही उपकरण लावून तपासतात. उपकरण तपासणीच्या टेबलावर नापास झालेले महागडे साहित्य माघारी घेऊन जाणाऱ्या पालकाचा चेहरा पाहवत नाही.

पण मला सर्वात मोठा आक्षेप किमतीवर नाही. नवा भाग लावला आणि गुण वाढले, तर ते कशामुळे वाढले हे कळायला काही मार्गच नसतो. हिशेब करून पाहा. ज्याची गोळी सरासरीपासून साधारण एक तृतीयांश गुणाने इकडेतिकडे होते अशा नेमबाजाच्या साठ गोळ्यांच्या बेरजेत निव्वळ योगायोगाने अडीच गुणांची चढउतार सहज होते. भागामुळे खरोखरच एक गुण वाढला असला, तरी तो या चढउतारातून वेगळा काढायला जुन्या आणि नव्या जोडणीने प्रत्येकी पन्नासेक फेऱ्या खेळाव्या लागतील. तेवढ्या काळात नेमबाज स्वतःच बदललेला असतो. आणि एवढी वाट कोण पाहतो? रविवारी पार्सल आले, मंगळवारी 618 चे 621 झाले, की भाग चांगला ठरला. पुढच्या आठवड्यात 616 झाले, की पुढच्या भागाचा शोध सुरू. प्रत्येक बदलाने पोझिशन थोडी मोडते, शरीराने मुरवलेली जागा हलते, आणि ती पुन्हा बसेपर्यंतचे आठवडे कोणत्याही बिलावर लिहिलेले नसतात.

यावर वरच्या पातळीचे लोक हसतील, आणि त्यांच्या बाजूने बोलायला पुरावा आहे. पॅरिसमध्येच पुरुषांच्या 10 मीटर एअर रायफलमध्ये अर्जुन बाबुता 630.1 गुणांनी सातवा येऊन अंतिम फेरीत गेला आणि संदीप सिंग 629.3 वर बारावा राहून बाहेर पडला. साठ गोळ्यांत आठ दशांशांचा फरक. प्रत्येक गोळीमागे तो मिलिमीटरचा जेमतेम तिसावा भाग भरतो. जो माणूस सरासरी 10.5 मारतो त्याच्यासाठी एक दशांशही विकत घेण्याजोगा असतो, आणि तो विकत घेण्याची रीत त्याला ठाऊक असते: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नोंद ठेवायची, आणि महिनाभर न डगमगता तीच ठेवायची. पण अभिनव बिंद्राचे पाहा: त्याच्या घरीच रेंज होती, हवे ते मागवण्याची ऐपतही होती. तरी 2004 च्या अथेन्समध्ये पात्रता फेरीत (तेव्हाच्या दशांशांविना मोजणीत) 597 गुण मारून तो अंतिम फेरीत सातवा राहिला. 2008 च्या बीजिंगमध्ये शेवटच्या गोळीपूर्वी तो फिनलंडच्या हेन्री हॅकिनेनशी बरोबरीत होता आणि त्याने 10.8 मारला. त्या गोळीचे श्रेय कोणत्या सुट्या भागाला द्यायचे ते मला कुणी सांगावे.

मग पैसे घालायचे कुठे? पेलेटमध्ये, आधी आणि भरपूर. एकाच कंपनीची पेलेट 4.49, 4.50, 4.51 अशा बारीक फरकांच्या डोक्यांची मिळतात आणि प्रत्येक लॉट वेगळा वागतो. रायफल शिकंज्यात धरून तीनचार लॉट तपासले तर आपल्या नळीला कोणता मानवतो ते एका दुपारी कळते. हा प्रयोग खरोखर काहीतरी सिद्ध करतो, कारण यात माणूस बाजूला असतो. 50 मीटरच्या पॉइंट टू टूच्या गोळ्यांबाबत तर हा प्रश्न आणखी तीव्र. एली आणि लापुआ या गोळ्या बनवणाऱ्या कंपन्यांनी नेमबाजाची रायफल घेऊन लॉट तपासण्यासाठी खास केंद्रे चालवली ती उगाच नव्हेत. तसेच हवेच्या सिलिंडरचे. उत्पादकाने घातलेली मुदत साधारण दहा वर्षांची असते, आणि मुदत संपलेला सिलिंडर घेऊन स्पर्धेला उभे राहू देत नाहीत. जुनी रायफल विकत घेताना ग्रिपचे लाकूड कुरवाळणारे पुष्कळ, सिलिंडरवरची तारीख वाचणारे थोडे. नळीवर बसवायचे स्कॅटसारखे यंत्रही महागच असते, पण ट्रिगर दाबण्याआधीच्या आणि नंतरच्या सेकंदात नेम कुठून कुठे भटकला याची रेघ ते पडद्यावर काढून देते. काय हवे आहे ते न कळता भाग मागवण्यापेक्षा ही रेघ एकदा पाहिलेली स्वस्त पडते.

यातला पैशाचा प्रश्न सगळ्यांना सारखा नाही. कुसाळे क्रीडा प्रबोधिनीतून, म्हणजे सरकारी निवासी योजनेतून आला आणि पुढे मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस झाला. शिक्षकाच्या घरातल्या मुलाला हा खेळ परवडला तो मागे संस्था उभ्या राहिल्या म्हणून. आपले बहुतेक क्लब मात्र रायफली ठेवतात आणि भागांचा विचार पालकांवर सोडतात. हे उलटे हवे. चारपाच बटप्लेट, वेगवेगळ्या मापांच्या ग्रिप, एक आयरिस, एक स्कॅट क्लबच्या कपाटात असावे. मुलाने प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली महिनाभर वापरून बघावे, फरक वहीत लिहावा आणि मग घरी बोलावे. अशा कपाटाचा खर्च पंधरावीस कुटुंबांत वाटला तर एका घराच्या एका चांगल्या बटप्लेटपेक्षा कमीच पडेल. विक्रेत्यांना ही कल्पना आवडणार नाही, आणि खरे सांगायचे तर काही पालकांनाही आवडणार नाही, कारण शेजारच्या लेनवरच्या मुलाकडे जे आहे ते आपल्या मुलाकडे नाही हे सहन करणे पोझिशन जुळवण्यापेक्षा अवघड असते.