मनाचे दुःख ही साधनेतली उणीव नव्हे



"रोज प्राणायाम करतो, नाम घेतो, तरी छातीतली धडधड जात नाही. माझी श्रद्धा कमी पडते का?" बंगळूरुच्या सत्संगांमध्ये हा प्रश्न निरनिराळ्या तोंडून ऐकू येतो. कधी पीजीत राहून रात्रपाळी करणारा तरुण विचारतो, तर कधी कपड्यांच्या कारखान्यात दिवसभर शिवणयंत्रावर बसणारी ताई. शेजारचा कोणीतरी प्रेमाने सांगतो, "सकारात्मक विचार करा, सगळे ठीक होईल." सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण विचारणारा मात्र आणखी एकटा पडतो. आधी नुसते दुःख होते, आता दुःखी असल्याची लाजही त्याला वाटू लागते.

ही लाज मनातून काढून टाकणे हीसुद्धा साधनाच आहे. म्हणून आज या प्रश्नाकडे थोडे थांबून पाहू या.

अर्जुनाची अवस्था

गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नावच अर्जुनविषादयोग आहे. अर्जुनाचे अंग कापते, तोंड कोरडे पडते, हातातून गांडीव गळते, मन भ्रमते. तो दुबळा नव्हता, नास्तिकही नव्हता. ज्यांच्या मांडीवर तो वाढला तेच आजोबा आणि ज्यांनी विद्या दिली तेच गुरू शस्त्रे घेऊन समोर उभे होते. त्याचा विषाद त्या परिस्थितीतून आला होता.

आता भगवंतांकडे पाहा. संपूर्ण पहिल्या अध्यायात ते एकच वाक्य बोलतात, बाकी वेळ ऐकतात. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी ते अर्जुनाला म्हणतात, ही दुर्बलता सोड आणि ऊठ. तेवढ्याने अर्जुन उठत नाही. तो पुन्हा आपले दुःख सांगतो, आणि त्यानंतरच खरा उपदेश सुरू होतो. साक्षात भगवंतांच्या तोंडचे "ऊठ" जिथे पुरले नाही, तिथे आपले एका वाक्याचे सांत्वन कसे पुरेल?

घाव शरीरातही राहतो

७ फेब्रुवारी १९८१ रोजी बंगळूरुमध्ये व्हीनस सर्कशीच्या तंबूला आग लागली. नव्वदहून अधिक जीव गेले. त्यांत बहुतेक लहान मुले होती. निम्हान्स या बंगळूरुतील राष्ट्रीय संस्थेच्या तज्ज्ञांनी त्यांच्या नातेवाइकांच्या शोकाचा अभ्यास केला. आपत्तीनंतरच्या मनाकडे शास्त्राने पाहण्याचा आपल्या देशातील हा एक सुरुवातीचा प्रयत्न होता. आग विझली म्हणजे आपत्ती संपली असे होत नाही, ती माणसांच्या मनात पुढेही चालू राहते.

याचे कारण शरीरातच आहे. संकट आले की शरीर धोक्याची घंटा वाजवते. हृदय जोरात धडधडते, स्नायू ताठ होतात, झोप उडते. संकट गेले की ही घंटा थांबायला हवी. पण आघात फार मोठा असेल, किंवा लहानपणी घरात रोज मारहाण आणि भीती असेल, तर ती थांबायचे विसरते. मग वर्षांनंतरही दार जोरात आपटले की माणूस दचकतो, कारण नसताना चिडतो, कोणावर विश्वास ठेवू शकत नाही. हा त्याचा स्वभाव नव्हे. एके काळी ज्या सावधपणाने त्याला वाचवले, तोच सावधपणा आता त्याला थकवतो आहे.

परिस्थितीही मनात शिरते

निम्हान्सने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी मानसिक विकार असल्याचे आढळले. महानगरांत आणि कमी उत्पन्नाच्या घरांत हे प्रमाण अधिक होते. विकारागणिक ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचत नव्हते.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे. ताळेबंदात एका बाजूचा आकडा दडवला तर दुसरी बाजू कधीच जुळत नाही. मनाचेही तसेच आहे. डोक्यावरचे कर्ज, नोकरीची अनिश्चितता, जातीवरून झालेला अपमान, घरातली हिंसा, परक्या भाषेच्या शहरातला एकटेपणा या नोंदी बाजूला ठेवायच्या आणि "मन अशांत का?" असे विचारायचे, हा हिशेब लागणारच नाही.

"हे त्याचे प्रारब्ध" असे म्हणणे सोपे असते. पण कर्माचा सिद्धांत आपल्याला स्वतःचे कर्तव्य दाखवतो. दुसऱ्याचे दुःख पाहून आपले कर्तव्य टाळण्यासाठी तो सांगितलेला नाही.

तुकोबांनी केलेली दोन कामे

१६३० च्या सुमारास महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. त्यात तुकोबांची पहिली पत्नी गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला. ते एकांतात, डोंगरावर गेले आणि नामात बुडाले, हे आपण नेहमी ऐकतो. पण परंपरा आणखी एक गोष्ट सांगते. घरात सावकारीची खते होती. भावाचा हिस्सा भावाला देऊन तुकोबांनी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली.

आधीच दुष्काळाने मोडलेल्या घरांवर केवढा भार होता आणि तो कसा हलका झाला असेल, याचा विचार करा. एकीकडे तुकोबांनी आपल्या मनावर काम केले, दुसरीकडे इतरांच्या मनावरचे ओझे ज्यातून येत होते, ते कारणच दूर केले. भजन आणि न्याय ही दोन्ही कामे एकाच भक्तीतून झाली.

मग ध्यानाचे स्थान कोणते?

ध्यानाचे स्थान मोठे आहे. संथ श्वासाने शरीराची घंटा हळूहळू शांत होऊ शकते. सत्संगात एकटेपणा कमी होतो. सेवेमुळे आपण कोणाच्या तरी उपयोगी आहोत हे जाणवते. पण काही गोष्टी लक्षात ठेवा.

- डोळे मिटल्यावर जुना प्रसंग अंगावर येत असेल तर जबरदस्तीने बसू नका. डोळे उघडे ठेवा, पायांखालची जमीन जाणवू द्या, थोडाच वेळ बसा आणि शिक्षकांना सांगा.
- डॉक्टरांनी दिलेले औषध साधना सुरू केली म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका. औषध घेतल्याने श्रद्धा कमी होत नाही.
- जगणे नकोसे वाटत असेल तर आजच कोणाशी तरी बोला. टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे.
- उपचार मागण्यात संकोच नको. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने तो प्रत्येकाचा हक्क मानला आहे.

आणि समोरचा बोलू लागला तर पहिल्या अध्यायातल्या कृष्णासारखे ऐका. "तुझे काय चुकले?" असे विचारण्याऐवजी "तुझ्यावर काय ओढवले?" असे विचारा. मग आपल्याला झेपेल ते एखादे ओझे उचला. फीचा अर्ज भरून द्या, दवाखान्यात सोबत जा, कामावरच्या अन्यायाबद्दल त्याच्या बाजूने बोला.

या आठवड्यात आपल्या सत्संगात जो अलीकडे गप्प असतो, त्याच्या शेजारी बसा. उपदेश करू नका, नुसते बसा. त्याला बोलावेसे वाटेल तेव्हा तो बोलेल. तोवर आपले शांत बसणे हीच त्याच्यासाठी केलेली प्रार्थना आहे.

सर्वांच्या मनाला विसावा मिळो, आणि तो विसावा देणारे हात आपले असोत.