कागद दाखवा

फोन पालथे ठेवा आणि माझ्याकडे बघा. तीन रविवार मी या टेबलाच्या कडेला बसून ऐकतो आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळायला म्हणून जमता आणि दोन-दोन तास घालवता ते विझार्ड्स ऑफ द कोस्ट पुढचं पुस्तक कोणतं काढणार यावर. जाहिरातीतल्या चित्रात वाळू दिसली, की डार्क सन, ते खेळातलं जुनं वाळवंटी जग, येणार. चाचणीच्या नियमांत एक ओळखीचा शब्द सापडला, की डार्क सन येणार. नाही आलं, की कंपनीनं फसवलं! वचन कोणी दिलं होतं तुम्हाला? कागद दाखवा.

बखर आणि अस्सल कागद यांतला फरक मी तुम्हाला शिकवला आहे. उत्तरपत्रिकेत तुम्ही तो बिनचूक लिहिलात. मग आवडीची गोष्ट समोर आली की तो जातो कुठे?

'अनअर्थ्ड आर्काना' म्हणजे कच्चे नियम. खेळून बघा, मत कळवा, यासाठी कंपनी ते देते आणि नाही पटले तर टाकून देते. मिस्टिक हा मनःशक्तीचा क्लास २०१५ ते २०१७ मध्ये तीनदा चाचणीला आला. मनःशक्ती म्हणजे डार्क सन, हा तुमचा हिशेब खरा असता तर पुस्तक तेव्हाच यायला हवं होतं. मिस्टिकच कुठल्या अधिकृत पुस्तकात आला नाही. २०२१ मध्ये स्ट्रिक्सहेवनचं पुस्तक आलं, पण त्यासाठी चाचणीला दिलेले उपक्लास खेळाडूंची मतं ऐकून गाळले गेले. म्हणजे पुस्तक येतं तेव्हासुद्धा तुम्ही मनात रचलेलं पुस्तक ते नसतं.

ड्रॅगनलान्सचा अंदाज बरोबर आला होता, असं परवा कोणीतरी म्हणालं. आलाच होता. मार्च २०२२ च्या त्या चाचणीच्या शीर्षकातच क्रिनचं नाव होतं, आणि क्रिन म्हणजे ड्रॅगनलान्सचं जग. जे छापलेलं आहे ते लोकांनी वाचलं. २०२३ च्या जानेवारीत ओपन गेम लायसन्सचा, म्हणजे खेळाचे नियम इतरांना वापरू देणाऱ्या परवान्याचा, नवा मसुदा फुटला, तेव्हा खेळाडू चिडले तेही कलमं वाचून. एकेका कलमावर बोट ठेवून त्यांनी जाब विचारला आणि महिनाअखेर कंपनीला माघार घ्यावी लागली; मूळ नियमांचा दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुला झाला. तसं चिडा, मी तुमच्या बाजूनं उभा राहीन.

आणि 'सगळी जुनी जगं परत आणा' हा हट्ट धरण्याआधी, हा खेळ पूर्वी काढणाऱ्या टीएसआर कंपनीचं काय झालं ते वाचा. नव्वदच्या दशकात त्या कंपनीनं जगामागून जग बाजारात आणलं. ज्याला जे जग आवडलं तो तेवढंच विकत घेऊ लागला, गिऱ्हाईक विभागलं गेलं. बुडण्याची इतरही कारणं होती, पण हे मोठं होतं. १९९७ मध्ये विझार्ड्सनं ती विकत घेतली.

आता खरं बोलतो, ज्यासाठी आज थांबवलं आहे तुम्हाला. ती कोपऱ्यातली मुलगी तीन रविवार येते आहे. तिनं आपल्या पात्राची हकिकत सहा पानं लिहून आणली आहे, फाइलमध्ये घालून. तुमच्यापैकी एकानंही ती उघडली नाही. न छापलेल्या पुस्तकासाठी तुम्हाला दोन तास मिळतात आणि समोर लिहून आणलेल्या पानांसाठी दहा मिनिटं नाहीत? मला याची लाज वाटते. तुम्हालाही वाटायला हवी.

गायगॅक्स आणि आर्नेसन यांनी १९७४ मध्ये हा खेळ दिला तो तीन बारीक पुस्तिकांत. उरलेलं जग खेळणाऱ्यांनी रचावं, हे शेवटी सांगून दिला. तुम्हाला डार्क सनच हवं ना? १९९१ च्या मूळ संचाची पीडीएफ आजही रीतसर विकत मिळते. नियम जुने आहेत, ते बदलून घ्या. जमेल तुम्हाला, तेवढी हुशारी आहे.

तू, सगळ्यात मोठ्यानं बोलणारा. पुढच्या रविवारी डंजन मास्टर तू. डार्क सनमधल्या टायर शहराची वेस, भर दुपार, चार प्रवासी आणि एकच पखाल पाणी. तिथून सुरू कर. नवं पुस्तक आलं नाही ही सबब मी ऐकणार नाही. आणि फासे बाहेर काढण्याआधी तिची सहा पानं घे, आत्ताच घे, घरी नेऊन वाच. त्या चौघांतली पहिली ती असेल.